बदलीचा माणूस येईपर्यंत

उस्ताद, आज सकाळी तुमची आठवण आली ती रागातून आली, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या मोशीत आता शेतं कुठली, सगळ्या सोसायट्याच. त्यातल्याच एकीत मी लेकाकडं राहतो. आमच्या गेटवर नवा वॉचमन आलाय. लातूरकडचा आहे, बोलायला गोड, पण खुर्चीत असा पसरतो की जणू सासुरवाडीला आलाय. मी विचारलं, "काय रे बाबा, ट्रेनिंग झालंय का तुझं?" तर म्हणतो, "झालंय की आजोबा, सर्टिफिकेट हाय ना." कुठं झालं, काय शिकवलं, असं विचारलं तर डोकं खाजवायला लागला. एजन्सीवाल्यांनी फोटो घेतला, सही घेतली आणि चार दिवसांत सर्टिफिकेट हातात ठेवलं म्हणे. घ्या! माझं टाळकंच सटकलं. त्या बिचाऱ्यावर नाही हो, त्याला काय माहीत. पण मनात म्हटलं, अरे, एवढ्याशा त्या कागदापायी आमच्या उस्तादांनी आम्हाला रडकुंडीला आणलं होतं! तणतणत वर आलो, सुनेनं चहा दिला, तो तसाच गार झाला. आणि बसल्या बसल्या राग कुठल्या कुठं गेला, नुसते तुम्हीच राहिलात. मग कागद घेतला.

तुम्ही आम्हाला पहिल्यांदा रांगेत उभं केलंत तो माळ मला अजून दिसतो. देश स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. पिंपरीच्या बाजूला, मुंबई-पुणे रस्त्याला लागून कारखाना उभा राहत होता. भिंत झाली होती, गेट बसलं होतं, आत यंत्रांची लाकडी खोकी पडली होती आणि आजूबाजूला सगळी बाभळच बाभळ. पहारेकरी हवे होते, पण पलटणीतून आलेली माणसं पुरेशी मिळेनात. म्हणून आमच्यासारखी चौथी पास गावठी पोरं घेतली आणि आम्हाला माणसात आणायला तुम्हाला बोलावलं. तुम्ही ब्रह्मदेशाच्या लढाईत जाऊन आलेले हवालदार, कोकणातल्या खाडीकाठचे. उंच, वाळलेले, मिशी तेवढी भरघोस. खोकला आला की आम्हाला दिसू नये म्हणून पाठ फिरवायचात, आणि खोकून झालं की काही घडलंच नाही अशा आवाजात "सावधान!" ओरडायचात. तुमच्या मराठीला कोकणचा हेल आणि वरून पलटणीच्या हिंदीची फोडणी. नावं तर तुम्ही पहिल्याच दिवशी बंद केलीत. "नाव घरी ठेवून यायचं," म्हणालात, "गेटवर नाव नसतं, जागा असते." मग ज्याच्या त्याच्या गावावरून मी झालो मोशी, दुसरा देहू, तिसरा दापोडी. काय सांगू उस्ताद, दापोडी वारला तेव्हा त्याच्या घरी गेलो, तर त्याचं खरं नाव मला पटकन आठवेना.

कंपनीचा नियम साधा होता. तुमचा वर्ग पुरा करायचा, परीक्षा द्यायची, आणि तुम्ही सर्टिफिकेटवर सही केली की माणूस कायम. पितळी बिल्ला मिळायचा. सही नाही तर आपला रस्ता आपल्या गावाला. माझं त्या सहीत काय अडकलं होतं ते मी तुम्हाला कधी बोललो नाही. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या गावाचं राखणदार. वडील रात्रभर गावात फिरायचे, त्याबदल्यात खळ्यावर धान्य मिळायचं आणि रोज संध्याकाळी घराघरातून भाकरी. ती भाकरी गोळा करायला माझी आई टोपली घेऊन निघायची. हक्काची होती, भीक नव्हती, वडील हे छाती काढून सांगायचे. पण दारात जाऊन उभी राहायची ती आई ना! कुठं लगेच मिळायची, कुठं आतून "थांब गं जरा" म्हणायचे आणि विसरून जायचे. मी लहानपणी तिच्या पदराला धरून हे बघितलेलं. मला ती टोपली बंद करायची होती. दुसरं काही नको होतं मला, अगदी खरं सांगतो. बिल्ला छातीवर लागला की त्या संध्याकाळपासून आई कुणाच्या दारात जाणार नाही, एवढं एकच डोक्यात धरून मी रोज भोसरीवरून चालत येत होतो.

तुमची शिकवायची तऱ्हाच न्यारी. फळा नाही, पुस्तक नाही. इंग्रजी आकडे आम्हाला येत नव्हते आणि लॉऱ्यांचे नंबर तर इंग्रजीत. तुम्ही काय केलंत, आम्हाला मुंबई रस्त्याच्या कडेला लिंबाखाली नेऊन उभं केलंत. लॉरी धूळ उडवत आली की नंबर मोठ्यानं ओरडायचा. चुकला की ती लॉरी दिसेनाशी होईपर्यंत तिच्यामागं पळायचं. मला सहा आणि नऊ कळायचे नाहीत. किती पळालोय उस्ताद मी त्या रस्त्यानं! वाटेतले गाडीवान विचारायचे, "काय रं, काय पडलं का तुझं लॉरीतून?" तुम्ही लिंबाला टेकून उभे, चेहरा असा कोरडा की हसताय का रागावलाय ते कळू नये. कंपनीनं बूट दिले होते आणि माझ्या पायांना वहाणांची सवय. टाचा सोलून निघाल्या, तरी मी बोललो नाही. तुम्हाला चालीवरून कळलं. संध्याकाळी खोलीवर बोलावलंत, खोबरेल लावायला दिलंत आणि ट्रंकेतून तुमचे स्वतःचे लोकरीचे मोजे काढून माझ्या अंगावर फेकलेत. "घाल. आणि लंगडू नको उद्या, लाज आणशील." बस. एवढंच बोललात.

तुमची ती खोली, शेडच्या मागची. चुलीवर भात रटरटतोय, तव्यावर सुके बोंबील भाजताय, आणि आम्ही तिघं-चौघं भिंतीला पाठ लावून बसलोय. देहू माळकरी, तो नाकाला पंचा लावून उंबऱ्याबाहेर बसतो आणि तुम्ही त्याच्यासाठी वेगळ्या पातेल्यात नुसता डाळभात करता, वर बजावता, "ह्या भांड्याला कुणी हात लावायचा नाही." पहिल्यांदा तो वास मलाही सोसला नव्हता. मग मात्र असं झालं की बोंबील भाजल्याचा वास आला की पाय आपसूक शेडच्या मागं वळायचे. घरी वडील कमी बोलायचे, बोलले तर कामापुरतं. तुम्ही खोलीवर आलात की मोकळे व्हायचात. खाडीचं पाणी भरतीला तुमच्या परसापर्यंत कसं येतं, तुमची बहीण तांदळाच्या भाकरी कशा पातळ थापते, हे सांगताना तुमचा आवाजच बदलायचा. "एकदा येऊन जा रे माझ्या गावाला," म्हणायचात. आम्ही "येऊ की" म्हणायचो. कोकण आम्हाला विलायतेइतकंच लांब.

आणि मग माझी ती परीक्षा. आठवते ना? कशी विसराल! मला एकट्याला गेटवर उभं केलंत आणि तुम्ही आत गेलात. थोड्या वेळानं भिंतीवरून धप्पकन उडी पडली. बघतो तर एक माणूस बोचकं घेऊन बाभळीत पळतोय, तोंडाला फडकं बांधलेलं. माझं रक्तच राखणदाराचं. आमच्यात चोर दिसला की त्याचा माग सोडायचा नाही, शिवेपर्यंत जायचं, पलीकडच्या गावच्या राखणदाराच्या हातात माग द्यायचा तेव्हा कुठं आपली सुटका. नाहीतर गेलेली वस्तू आपल्या घरातनं भरून द्यायची. माझ्या आजोबांनी अशीच एका शेतकऱ्याच्या चोरलेल्या बैलापायी घरची दुभती गाय दिली होती. तर मी सुटलो बाणासारखा. ओढ्यातून, काट्यातून, पवनेच्या काठापर्यंत. तिथं त्याला धरला, आपटला, फडकं ओढलं, तर आतून दापोडी! "अरे सोड राव, परीक्षा आहे," म्हणून बोंबलतोय. मी म्हटलं, परीक्षा तर परीक्षा, चल. मानगूट धरून, बोचकं त्याच्याच डोक्यावर देऊन, छाती फुगवून मी वाजतगाजत त्याला गेटवर आणला.

गेट सताड उघडं. बाहेर रस्त्यावर, भर उन्हात, साहेबाची खुर्ची, टाइपरायटर, भिंतीवरचं घड्याळ, कारकुनाची सायकल, पाण्याचा माठसुद्धा, सगळं ओळीनं मांडलेलं. आणि शेवटी एका स्टुलावर तुम्ही बसलेले. तुम्ही उठलात, बोचकं उघडलंत. आत जुनी पोती होती. म्हणालात, "चोर आणलास. शाब्बास. आता कारखाना कुठं गेला ते सांग." सामान बाहेर काढणारी बाकीची पोरं खो खो हसली. दापोडी तर मार खाऊनही हसत होता. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सर्टिफिकेट बाकीच्यांना मिळालं, मला नाही.

घरी वडिलांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते उलट तुमच्यावरच उखडले. "चोर डोळ्यांदेखत पळतोय आन् ह्यानं दारात खांबासारखं हुबं ऱ्हायाचं? ही कसली राखण रं? आपल्यात असं न्हाई. तुझा तो उस्ताद पलटणीतला असंल, राखणदार न्हाई त्यो." आई भाकरी वाढत होती, कुणाच्या तरी घरची.  मी ती ताटात तशीच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडं आलो तो भांडायलाच. म्हटलं, माझ्या घरात राखण म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही बोंबील परतत होतात, मान वर न करता सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "तुझा बाप मोठा राखणदार आहे, मोशी. पण तो चोरामागं धावतो तेव्हा त्याच्या मागं अख्खं गाव असतं. ओरडला की दहा दारं उघडतात. इथं तू धावलास तर तुझ्या मागं कोण आहे? बघ बघू वळून." मी खरंच वळून बघितलं. शेड, खोकी, माळ. एक कुत्रं. "कोणी नाही," मी म्हटलं. "मग तू हलायचं नाही. शिट्टी वाजवायची, ओरडायचं, पण बदलीचा माणूस येईपर्यंत पाय उचलायचा नाही. आग लागो, साप निघो, साहेब बोलावो, बाप येवो. मी बोलावलं तरी नाही." आणि ताट माझ्यापुढं सरकवलंत. "घरी पाठवत नाही तुला. पुन्हा परीक्षा घेईन. कधी ते सांगणार नाही. जेव."

झालं! तिथून पुढचे दिवस माझे कसे गेले म्हणता! ज्याच्या त्याच्यात मला परीक्षा दिसायला लागली. कुणी म्हातारी देहूची वाट विचारायला आली तरी मला वाटायचं, उस्तादांनीच पाठवली. साहेबाचं कुत्रं साखळी तोडून पळालं, मी जागचा हललो नाही, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. दापोडीला तर खेळच मिळाला. बिल्ला चमकवत यायचा आणि लांबून ओरडायचा, "ए मोशी, पळ भावा, तुझ्या घराला आग लागली!" मी म्हणायचो, "लागू दे, बदली आली की जातो विझवायला." तुम्ही खिडकीतून ऐकायचात. मी रोज वाट बघायचो, आज तरी परीक्षा होईल. तुम्ही काही विषयच काढायचा नाहीत. खोकला मात्र वाढत चालला होता. पाठ फिरवलीत तरी आता ऐकू यायचा. मग कुणीतरी म्हणालं, डॉक्टरनं तुम्हाला गावी जायला सांगितलंय, उस्ताद चालले. मी धसकाच घेतला. तो आधी तुमच्यासाठी घेतला की सहीसाठी, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही.

तो सुटीचा दिवस. कारखाना बंद, माळावर चिटपाखरू नाही. सकाळच्या पाळीला गेटवर मी एकटा. तुम्ही शेडमागून येताय. अंगावर तो इस्त्रीचा खाकी कोट, एका खांद्यावर वळकटी, हातात काळी ट्रंक. कुणाला न सांगता निघालात, निरोपाचे सोहळे तुम्हाला आवडायचे नाहीत. गेटाबाहेर येऊन तुम्ही ट्रंक खाली ठेवली, श्वास घेतलात आणि म्हणालात, "मोशी, येतोस का रे चिंचवड स्टेशनापर्यंत? ट्रंक जड नाही तशी. पण दम लागतो."

आली! मी मनात म्हटलं, आली एकदाची परीक्षा! टाचा जुळवल्या आणि छातीच्या आतून ओरडलो, "बदलीचा माणूस आल्याशिवाय गेट सोडता येत नाही, उस्ताद!" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "आज कंपनी बंद आहे रे." मी म्हटलं, "बंद असली तरी, उस्ताद!" मला आतून उकळ्या फुटत होत्या. "घटकाभराचं तर काम," तुम्ही म्हणालात, "बोलत बोलत गेलो असतो." मी पुन्हा तेच ओरडलो, आधीपेक्षा मोठ्यानं. तुम्ही हसलात. मग कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिलात. "घे. काल सही केली. साहेबाचा शिक्काही कालच मारून घेतला." मी विचारलं, "पास झालो, उस्ताद?" "कधीचाच झालास," म्हणालात. खांद्यावर एकदा थापटलंत, ट्रंक उचललीत आणि निघालात. पहिल्या बाभळीपाशी थांबलात, पाठ माझ्याकडंच होती, खांदे हलताना दिसले. मग ट्रंक दुसऱ्या हातात घेतलीत. मी सलाम ठोकून उभा. वळणापाशी तुम्ही एकदा मागं बघून हात वर केलात.

पाळी सुटल्यावर मी मोशीपर्यंत धावतच गेलो. आई टोपली घेऊन उंबऱ्यात होती. मी ती हातातून काढून घेतली, म्हटलं, "आता ऱ्हाऊ दे. कायम झालो. उस्तादांनी कालच सही केली, आज गावी जाताना कागद दिला." ती रडली, हसली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. वडिलांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि देवापुढं नेऊन ठेवला. मग आईनं विचारलं, "आन् तुझं उस्ताद गेलं म्हनत व्हतास न्हवं? गाडीत बसवून आलास ना त्यांना?" मी मोठ्या तोऱ्यात सांगायला लागलो. न्हाई गं, तीच तर परीक्षा होती, त्यांनी मला बोलावलं, मी गेलो न्हाई, म्हणून तर पास. आई म्हणाली, "पर सही तर काल केली म्हनलास."

मी देवापुढचा कागद पुन्हा उचलून बघितला.  सही काल झाली होती, शिक्का काल बसला होता. मग आज सकाळी तुम्ही गेटाबाहेर ट्रंक ठेवून उभे राहिलात ते कशाला? परीक्षा नव्हती ती. तुम्हाला दम लागत होता. तुम्हाला कुणीतरी बरोबर हवं होतं स्टेशनापर्यंत, बोलत बोलत जायला. दोनदा म्हणालात. आणि मी तुमच्या तोंडावर तुमचाच नियम ओरडत होतो, आनंदानं.

पुढची थंडी यायच्या आत तुम्ही गेलात. आमच्यात एक कोकणचा फिटर होता, तो रजेवरून परत आला तेव्हा त्यानं सांगितलं. खाडीकाठी बहिणीकडंच होतात म्हणे शेवटी. मी आपला उभा होतो गेटवर, तो सांगून आत गेला, मागून लॉरी आली, मी नंबर वाचला.

उस्ताद, पुढं मीही उस्ताद झालो. पिंपरीपासून चाकणपर्यंत कंपन्या वाढत गेल्या, पुढच्या काळात किती पोरांना गेटवर उभं राहायला शिकवलं. प्रत्येक वर्गाला मी तुमची गोष्ट सांगायचो. आमचे उस्ताद नोकरी सोडून गावी जाताना शेवटच्या घटकेलाही परीक्षा घेऊन गेले, असे होते आमचे उस्ताद! पोरं टाळ्या वाजवायची. सही आदल्या दिवशीची होती, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, लेकाला नाही. दापोडीलासुद्धा नाही.

गेट सोडायला हवं होतं, असं मी अजूनही म्हणत नाही. तुम्ही समोर असतात तर तुम्हीही म्हणू दिलं नसतं. तुमच्या शिकवणीत मला खोट काढायची नाही. पण हे वय असं आहे की सकाळी लवकर जाग येते आणि पडल्या पडल्या मी तुमच्याबरोबर चालायला लागतो. ट्रंक माझ्या डोक्यावर, तुमची वळकटी माझ्या खांद्यावर, तुम्ही मोकळ्या हातांनी. तुम्ही खाडीचं सांगताय आणि मी "मग काय झालं?" विचारतोय. स्टेशन काही येत नाही. येऊच नये असं वाटतं.

सून विचारून गेली, काय लिहिताय एवढं. मी म्हटलं, काही नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला तक्रार लिहितोय त्या वॉचमनची. तक्रार काही करायची नाही, आणि हे कुठं पाठवायचंही नाही, तुमचा पत्ता तेव्हाही मी विचारून घेतला नव्हता. तुमच्या गावाचं नावही मला नीट माहीत नाही. फक्त एवढंच सांगायचं होतं, तेव्हा ओरडण्याच्या नादात राहून गेलं. मला यायचं होतं, उस्ताद. फार यायचं होतं.